नोंद नसलेलं तांबं

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता रुग्णालयाच्या लाँड्रीत आक्काने धुलाई मशीनच्या दाराला हात लावला, आणि तो हात तिला मागे घेता आला नाही. पायाखाली पाणी होतं, काखेत ओल्या चादरींचा बोळा. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढेपर्यंत सगळं संपलं होतं. बावीस वर्षं तिने ज्या चादरी धुतल्या, त्यांतलीच एक तिच्यावर पांघरावी लागली.

दुपारी वीज तपासनीस आला आणि मशीनच्या मागे वाकून बघून गेला. मशीनमध्ये चुकून वीज उतरली तर ती जमिनीत नेऊन सोडायला तांब्याची एक पट्टी असते. ही पट्टी भिंतीपाशी कापलेली होती. पट्टी नव्हती, म्हणून वीज आक्कातून गेली. त्याने अहवालात लिहिलं, ‘अर्थिंगची पट्टी चोरीस गेल्याने मृत्यू.’

संध्याकाळी फौजदारांचा मला फोन आला.

माझं पद कागदावर ‘धातुखरेदी निरीक्षक’ असं भारदस्त आहे. बाजारात मला भंगारबाई म्हणतात. गटारांची झाकणं, सिग्नलच्या तारा, नळाच्या तोट्या रातोरात नाहीशा व्हायला लागल्या तेव्हा गेल्या वर्षी हा कायदा आला. भंगार विकणाऱ्याने विक्रेता कार्ड दाखवायचं. दुकानदाराने त्याची नोंद करायची आणि काट्यावर मालासकट त्याचा फोटो काढून चिकटवायचा. घेतलेला माल पंधरा दिवस जसाच्या तसा ठेवायचा, वितळवायला पाठवायचा नाही. आणि भट्टीवाल्याने नोंदीचा नंबर असल्याशिवाय माल आत घ्यायचाच नाही. या सगळ्यावर नजर ठेवायला एक मोडकी स्कूटर आणि मी.

शनिवारी मी एकामागून एक दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानात, म्हणजे शेठच्या वखारीत, सापडली. नऊ दिवसांपूर्वीची नोंद होती. तांब्याची पट्टी, तुकडे सात, वजन अकरा किलो. विक्रेता: चुंबक. कार्डाचा नंबर बरोबर, फोटोही होता. शेठने स्वतः मागच्या कोपऱ्यातून तुकडे काढून माझ्यापुढे मांडले.

“कायदा म्हणजे कायदा, बाई,” तो म्हणाला. “पंधरा दिवस हात लावला नाही.”

तासाभरात चुंबक कोठडीत होता. आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. कायद्याचं पहिलं मोठं यश म्हणाले. मी घरी गेले, जेवले आणि शांत झोपले. पुढे कित्येक दिवस मला त्या झोपेचीच लाज वाटत राहिली.

कारण सोमवारी फौजदारांनी बोलावलं. “तुमचा चोर काही बोलत नाही,” ते म्हणाले. “एकच धोशा लावलाय. भंगारबाईला बोलवा म्हणतो.”

२

चुंबकाला मी ओळखत होते. पन्नाशीचा वाळका माणूस. जुन्या कर्ण्यातलं मोठं लोहचुंबक दोरीला बांधून नाल्यांतून, रस्त्याकडेने ओढत चालायचा आणि त्याला चिकटलेले खिळे, पत्रे, बोल्ट विकून पोट भरायचा. विक्रेता कार्ड मीच त्याला काढून दिलं होतं.

कोठडीच्या गजांशी तो उकिडवा बसला होता. मला बघून उठायला लागला, तर उजवा पाय नीट वाकेना.

“बसा, बसा,” मी म्हटलं. “मला का बोलावलंत?”

“तुम्ही नाव लावलंत, बाई. म्हणून पुसायचं तर तुम्हालाच ना?”

“नाव नोंदीत होतं. तुमचा फोटो आहे तिथे.”

“फोटो रोज निघतो माझा. फोटोत तांबं दिसतं का?”

दिसत नव्हतं. फोटोत तो काट्याशेजारी उभा होता आणि पायाशी तोंड बांधलेलं पोतं होतं. माल उघडा दिसला पाहिजे असा नियम मीच दुकानदारांना घोकून घोकून सांगत असते, आणि त्या पानाखाली तपासल्याची सही करताना माझं मलाच ते दिसलं नव्हतं.

“मी तांबं ओळखतो, पण उचलत नाही,” तो म्हणाला. “माझ्या दोरीला तांबं चिकटतच नाही. आन् मला एक सांगा, शेठने तुकडे दाखवले तेव्हा कापलेली टोकं कशी होती?”

“कशी म्हणजे?”

“रंगाने.”

मी मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून बघितला. “तपकिरी.”

“झालं तर. ताजं कापलेलं तांबं गुलाबी असतं, नवीन कातडी आल्यासारखं. आठ-दहा दिवसांत इतकं काळवंडत नाही, बाई. ते तांबं नऊ दिवसांचं नाही. महिने झालेत त्याला.”

फौजदार मागे उभे होते. ते हसले. “आता भंगारवाला आपल्याला रसायनशास्त्र शिकवणार.”

मला हसू आलं नाही. फोटोत आणखी काहीतरी होतं, शनिवारी नुसतं डोळ्यांवरून गेलेलं. पट्टीच्या एका बाजूला जुना रंग लागला होता, पिवळट, साईसारखा.

आणि कालच्या वर्तमानपत्रात आक्काच्या बातमीखाली लाँड्रीचा फोटो होता. लाँड्रीची भिंत राखाडी होती.

३

लाँड्रीला पोलिसांचं सील होतं, पण शेजारची चादरींची खोली उघडी होती. तिथे लांब टेबलाशी मुकादमबाई एकट्याच घड्या घालत बसल्या होत्या. साठीला आलेल्या, भक्कम हाडाच्या. माझ्याशी बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत, पण एकच चादर त्या तीन वेळा उलगडून पुन्हा घालत होत्या.

“लाँड्री चार महिने बंदच होती,” त्या म्हणाल्या. “पाडायची ठरलेली. नवी बांधायची म्हणून आम्हा सगळ्या बायकांना वॉर्डात पाठवलं. मग वर कुठेतरी फाटे फुटले, नवीचं काम अडलं, आणि तीन आठवड्यांपूर्वी हुकूम आला, जुनीच सुरू करा. गेल्या बुधवारी कुलूप काढलं.”

“आणि शुक्रवारी हे झालं. मधले दोन दिवस?”

“मशीन सुरूच होईना. बघतो तर फ्यूज जागेवर नाही. गुरुवारी पुन्हा तेच. इकडे चादरींचा डोंगर, वॉर्डातून शिव्या.” त्यांचा आवाज खाली गेला. “मग शुक्रवारी सकाळी मीच बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने नवा फ्यूज टाकला. मी टाकायला लावला, बाई. मी आवाज चढवला नसता तर मशीन बंदच राहिलं असतं.”

“तुमचा स्वतःचा वायरमन आहे ना?”

“भाऊजी? आक्काचा नवराच की तो. शुक्रवारी त्याची ड्यूटी लांबच्या दवाखान्यात होती.” त्या समोरच्या स्विचबोर्डाकडे बघून किंचित हसल्या. “फार टापटिपीचा माणूस. तो बोर्ड बघा. प्रत्येक स्क्रूची खाच उभी लागते त्याला. एक जरी तिरकी राहिली तर जेवण जात नाही म्हणायची आक्का. आता काय जेवतोय कोण जाणे.”

मी बोर्ड बघितला. चारही स्क्रूंच्या खाचा ओळंब्याने धरल्यासारख्या उभ्या होत्या.

“आक्का कशी होती?”

“मशीनच्या आवाजात कान गेले होते तिचे. कायम हरवल्यासारखी असायची. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याने कानाचं मशीन आणून दिलं आणि बाई एकदम बोलायलाच लागली. टोमणे मारायची, गाणी म्हणायची. शुक्रवारी भाऊजींचा मला फोन आला, आक्काला बरं नाही, तिला आज सुट्टी द्या. मी तिला सांगितलं, तर म्हणते, मला काय धाड भरलीये? इतक्या वर्षांनी ऐकू यायला लागलंय, घरी बसून भिंतींचं ऐकू का?”

त्यांनी चादर तोंडाला लावली. मी पुढची चादर त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं, “बाहेरच्या भिंतीला रंग कधी दिला?”

“लाँड्री बंद झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. कुणी मोठे पाहुणे येणार होते. पाडायच्या इमारतीलाही रंग! त्याआधी साईच्या रंगाची होती.”

म्हणजे चुंबक खरं बोलत होता. रंगाच्या आधीच तांबं भिंतीवरून उतरलं होतं. आता भिंतीवर रिकामी जागा दिसायला हवी, भोकं दिसायला हवीत, म्हणून मी इमारतीच्या मागे गेले.

भिंतीवर पट्टी होती. मशीनच्या बाजूपासून कोपऱ्यापर्यंत, सरळ, अखंड, राखाडी रंगातली. कुणीही काही चोरलेलं नव्हतं.

४

मी जवळ जाऊन पट्टीवर बोटाने टकटक केली.

पोकळ आवाज आला.

नखाने रंग खरवडला तर सालपटासारखा सुटला आणि आतून पांढरं प्लास्टिक दिसलं. घरात वायरी झाकायला जी पट्टी लावतात, ती. तांब्याच्या जागी कुणीतरी ती बसवून ठेवली होती, समोरून जाणाऱ्याला फरक कळू नये म्हणून. वीज तपासनीस आतूनच बघून गेला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मीही नोंदवहीच बघितली होती.

फौजदारांना फोन केला. ते आले, पट्टीवर टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

“रंगवाला,” ते म्हणाले. “परांची त्याची, माणसं त्याची, आठवडाभर भिंत त्याच्या ताब्यात. तांबं काढलं, प्लास्टिक ठोकलं, वरून रंग फासला. काम फत्ते.”

मलाही तसंच वाटलं. चुंबक भिंतीवर असं नेटकं काम करेल हे पटण्यासारखं नव्हतंच. आणि रंगवाल्याबद्दल बाजारात फारसं बरं बोललं जात नव्हतं.

तो एका शाळेचं काम करत होता. शिडीवरून उतरला तोच चिडून.

“पट्टी मी कशाला चोरू? मी गेलो तेव्हा ती होतीच भिंतीला. आठवतंय मला, कारण तिने छळलं. सगळ्या भिंतीला दोन हातात रंग बसला, पट्टीवर धरेचना. चार हात द्यावे लागले. माझा माणूस म्हणाला, मालक, हे प्लास्टिक दिसतंय. मी म्हटलं, असेल बाबा, सरकारी काम. आपल्याला काय, जे दिसेल ते रंगव.”

“कुणाला सांगितलं नाही?”

“सांगायला कोण होतं? बंद इमारत. आणि बाई, चोरलं असतं तर वर चार हात रंगाचा खर्च केला असता का मी? एका हातात उरकून पळालो नसतो?”

फौजदार वाकडं तोंड करून बघत राहिले. पण तो खरं बोलत होता. प्लास्टिकवर रंग धरत नाही, हे माहीत असणाऱ्या माणसाने रंगवायच्या भिंतीसाठी प्लास्टिक निवडलंच नसतं. ते ज्याने लावलं त्याच्याजवळ ती पट्टी आधीपासून होती, रोजच्या पिशवीत.

“चुंबकाला सोडा,” मी म्हटलं.

“का? त्याने आणि आणखी कुणी मिळून…”

“लाँड्री बंद झाली तेव्हा चुंबक कुठे होता ते रुग्णालयालाच विचारा. उजवा पाय नीट वाकत नाही त्याचा. आणि त्याचं कार्ड काढून दिलं तेव्हा तो कुबडीवर आला होता, ते मला आत्ता आठवलं.”

त्यांनी जागच्या जागी फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिले आणि फोन खिशात ठेवला.

“हाडांचा वॉर्ड,” ते म्हणाले. “सहा आठवडे. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. लाँड्री बंद झाली ते दिवस त्यातलेच.”

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा तो दोर मीच वळला होता. आणि चोर अजून सापडला नव्हता.

५

मंगळवारी सकाळी मी शेठच्या वखारीत गेले. त्याने नेहमीप्रमाणे खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही.

“शेठ, ही नोंद खोटी आहे. चुंबकाच्या कार्डाची प्रत तुमच्याकडे पडून होती. रोजच्या फोटोंतला एक उचलून चिकटवलात. तांबं चार महिन्यांपूर्वी घेतलंत, नोंद न करता.”

“काहीतरीच काय, बाई.”

“टोकं काळवंडलेली आहेत. साईचा रंग आहे. चुंबक तेव्हा पाय टांगून पडला होता. बोला.”

तो पोत्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे उतरले.

“भट्टीवाला घेईना,” तो म्हणाला. “पूर्वी रात्री टेम्पो गेला की सकाळी तांब्याचा रस. आता नंबर दाखवा म्हणतो. चार महिने घशात अडकलेल्या काट्यासारखं बसलं होतं ते मागे. टाकताही येईना, विकताही येईना.”

“मग आत्ताच नोंद का केलीत? चार महिने गप्प होतात, अजून राहिला असतात.”

तो काट्यावरची वजनं सारखी करायला लागला.

“शेठ, एक बाई गेली आहे.”

“मला काय माहीत होतं हो कुठलं आहे ते!” तो एकदम ओरडला. “विकणारा म्हणाला, पडक्या इमारतीचं आहे, कुणाचंच नाही. आणि मग दोन-अडीच आठवड्यांपूर्वी तोच माणूस परत आला. म्हणे, ते तांबं मला परत द्या. मी तीस वर्षं या धंद्यात आहे, बाई. विकलेलं भंगार परत मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. मी घाबरलो. म्हटलं, काहीतरी पेटलंय. तो हात जोडत होता, दुप्पट देतो म्हणत होता. मी सरळ कानावर हात ठेवले, असलं काही माझ्याकडे नव्हतंच कधी म्हणालो. दोन-चार दिवस झोप लागेना. मग नोंद करून टाकली, चुंबकाच्या नावावर. वाटलं, पंधरा दिवस गेले की भट्टीत जाईल आणि डोक्यावरचं ओझं उतरेल.”

“कोण होता तो?”

“नाव नाही सांगणार. त्याच्यावर आधीच आभाळ कोसळलंय.”

नाव सांगायची गरजच नव्हती. ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि मी बाहेर येऊन स्कूटरवर बसले, पण ती सुरू करावीशी वाटेना.

विकलेलं भंगार परत कोण मागेल? ती पट्टी पुन्हा जागेवर लागावी अशी ज्याला निकड आहे, तोच. तो परत येण्याच्या जरा आधी नेमकं काय झालं होतं? लाँड्री उघडायचा हुकूम आला होता. फ्यूज दोन दिवस गायब होता. चोराला फ्यूजचा काय उपयोग? मशीन चालू होऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं. आणि शुक्रवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आत, एका माणसाने फोन करून एकाच बाईसाठी सुट्टी मागितली होती, आणि ती बाई ठणठणीत होती.

तरी मला खात्री करायची होती. खरं म्हणजे मला चुकायचं होतं. मी पुन्हा लाँड्रीच्या मागे गेले आणि प्लास्टिकच्या पट्टीवरचे स्क्रू एकेक करून बघितले. रंगाखाली खाचा दिसत होत्या. एकूण बावीस.

बावीसच्या बावीस उभ्या होत्या.

तेवढ्यात दाराच्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. वळसा घालून गेले तर सील काढलेलं होतं. कुणीतरी खणत होतं.

६

दाराबाहेरच्या नव्या फरश्या उखडून वायरमन गुडघाभर खड्ड्यात उभा होता. शेजारी कोळसा, मिठाचं पोतं आणि लोखंडी पट्टीचं वेटोळं. चार दिवसांत दाढी वाढली होती, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आतल्या बाजूला मुकादमबाई भिंतीशी स्टूल टाकून बसल्या होत्या.

“उद्यापासून लाँड्री चालू करा म्हणाले,” त्या मला सांगायला लागल्या. “पोलिसांनी सकाळी सील काढलं. भाऊजी रजेवर आहेत, तरी आले. म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.”

मी खड्ड्याच्या काठाशी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नखांत अडकलेल्या राखाडी रंगाकडे.

“शेठने सांगितलं?” त्याने विचारलं.

“नाही. तुमच्या स्क्रूंनी सांगितलं.”

तो पहार टेकवून उभा राहिला. मुकादमबाईंना काही कळलं नव्हतं. त्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

“इमारत पाडायची होती,” तो हळूहळू बोलायला लागला. “सगळं ढिगाऱ्यात जाणार होतं. आज ना उद्या कुणीतरी काढलंच असतं, मग मी काढलं तर काय, असं वाटलं. तिला ऐकू येत नव्हतं हो. मी घरात बोलायचो आणि ती भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायची. आम्ही दोघं हसायचो, पण मग मी बोलायचंच सोडून दिलं. कानाचं मशीन आणलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, तुमचा आवाज केवढा बारीक झालाय!”

“आणि प्लास्टिकची पट्टी?”

“साहेब लोक रंगाआधी भिंत बघायला येणार होते. रिकामी दिसली असती.”

“हुकूम आल्यावर?”

“दुसऱ्या दिवशी स्टोअरला अर्ज टाकला, तांब्याची पट्टी पाहिजे. शिल्लक नाही म्हणून परत आला. शेठकडे गेलो. त्याने हाकललं. लोखंडाची टाकावी तर अर्थिंगच्या खड्ड्यावर या फरश्या बसवलेल्या; फोडल्या तर का फोडल्या ते सांगावं लागणार. म्हटलं, रविवारी कुणी नसताना करू. तोवर फ्यूज काढून नेला, बुधवारी आणि गुरुवारी. शुक्रवारी मला लांब पाठवलं. तिथून फोन केला.” त्याने पहारेचं टोक मातीत रोवलं. “मी सगळं केलं, बाई. खरं सांगणं तेवढं सोडून सगळं केलं.”

मी उठले आणि बाजूला जाऊन फौजदारांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चुंबकाला आत्ता सोडतो. शेठला उचलतो. वायरमनला थांबवून ठेवा, अर्ध्या तासात पोचतो.”

मी परत आले. “ते येतायत. अर्धा तास.”

वायरमनने खड्ड्याकडे बघून अंदाज घेतला. “पुरेल,” तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

मी त्याला अडवलं नाही. कायद्याच्या पुस्तकात त्या अर्ध्या तासाबद्दल काही लिहिलेलं नाही. त्याने पट्टी खड्ड्यात उतरवली, कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या. भिंतीतून पट्टी आत घेतली, मशीनच्या पायाला बोल्टने आवळली, दोनदा ओढून बघितली. मग वायरीला लावलेला दिवा एका टोकाने मशीनला आणि दुसऱ्या टोकाने विजेच्या तारेला लावला. दिवा लख्ख पेटला. वीज जमिनीत जात होती.

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मुकादमबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“फ्यूज तुम्ही टाकायला लावलात म्हणून तुम्ही चार दिवस जेवला नाहीत, असं कळलं,” तो म्हणाला. “तुमचा काही दोष नाही. अर्थिंग मी काढलं होतं.”

मुकादमबाईंनी इतका वेळ सगळं ऐकलं होतं, तरी ते आत्ताच त्यांच्यापर्यंत पोचल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्या रडल्या नाहीत. त्याला हात लावला नाही की ओरडल्याही नाहीत. बाहेर फाटकापाशी पोलिसांची जीप वळल्याचा आवाज आला.

“फोन केला होतात तुम्ही मला,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी, नऊला दहा कमी असताना. माझ्याशी बोललात.”

“हो.”

“एका वाक्याचं काम होतं, भाऊजी.”